भीड चेपल्यानंतर

रानातल्या कपींचा अभ्यास करायचा तर पहिली अट अशी, की त्या प्राण्याने माणसाला घाबरणे सोडून दिले पाहिजे. चिंपांझी असो, गोरिला असो वा ओरांगउटान, जोवर तो आपल्याला पाहून बुजतो, पळतो किंवा अंगावर धावून येतो, तोवर आपल्या वहीत उतरते ते केवळ आपल्यापुढचे त्याचे वागणे. एरवी तो काय खातो, कोणाच्या शेजारी बसतो, पोर कसे वाढवतो, यातले काहीच हाती लागत नाही. म्हणून संशोधक महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, रोज त्याच्या नजरेस पडत राहतात, त्याला काही देत नाहीत, त्याच्या वाटेत येत नाहीत, आणि मग एखाद्या दिवशी तो त्यांच्याकडे पाठ करून निवांत खायला लागतो. या कामात यश म्हणतात ते यालाच. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागातल्या मध्य कालिमंतानच्या दलदलीच्या जंगलात मी ओरांगउटानांच्या मागे फिरले, तेव्हापासून या यशाविषयीचा एक प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. ज्या भीतीने या प्राण्याला आजवर जगवले, ती काढून घेताना तिच्या जागी आपण काय ठेवतो?

माणसाची सवय नसलेला ओरांगउटान आपली नापसंती लपवत नाही. तो ओठ पुढे काढून, हवा आत ओढत, तीक्ष्ण चुकचुकाट करतो. फांदी हलवतो, मोडतो आणि खाली टाकतो. वाळलेल्या बुंध्याचा मोठा तुकडा वरून आला तर खाली उभ्या असलेल्या माणसाला जागा सोडावीच लागते. काही वसाहतींतले ओरांगउटान हा आवाज काढताना तोंडापुढे पाने किंवा हात धरतात, आणि त्यामुळे आवाज अधिक खोल, म्हणजे अधिक मोठ्या अंगाच्या प्राण्याचा वाटतो. हा सगळा खटाटोप आपल्याला हाकलण्यासाठी चाललेला असतो, आणि आपण मात्र मान वर करून, वहीत वेळ टिपत, तिथेच उभे असतो. दिवस जातात तसा चुकचुकाट कमी होतो, फांद्या पडायच्या थांबतात. त्याची भीड चेपते.

त्यानंतरचे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल, पण मला त्याच्याइतके समृद्ध काम दुसरे माहीत नाही. ओरांगउटानाचा पाठलाग घरट्यापासून घरट्यापर्यंत असतो. तो रात्री जिथे झोपला, त्या झाडाखाली उजाडण्यापूर्वी पोहोचायचे असते, त्यामुळे अंधारातच निघावे लागते. पीटच्या जंगलात जमीन म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याचा काही मीटर खोल थर, त्यावर उभे असलेले कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी, आणि त्यातून वर आलेली मुळे. फळ्या टाकलेली वाट सोडली की प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते. झाडाखाली प्लास्टिक अंथरून ठेवायचे, कारण जागा झाल्यावर तो पहिली गोष्ट करतो ती लघवी, आणि ती मिळाली तर त्याच्या शरीरात काय चालले आहे हे त्याला हातही न लावता कळते. पश्चिम कालिमंतानच्या गुनुंग पालुंगमध्ये याच पद्धतीने एक महत्त्वाची गोष्ट दिसून आली. बोर्निओच्या जंगलात काही वर्षांनी एकदा असंख्य झाडे एकदम फळतात. तेव्हा ओरांगउटान भरपूर खाऊन चरबी साठवतात आणि पुढच्या टंचाईच्या महिन्यांत सालीखालचा गर आणि पाने यांवर गुजराण करतात. त्या काळात त्यांच्या लघवीत कीटोन आढळतात, म्हणजे शरीर स्वतःचीच चरबी जाळत असते. जंगल हिरवेगार दिसते म्हणून त्यात पोट भरतेच असे नाही. कोणत्या जंगलाचे संरक्षण आधी करायचे हे ठरवताना या एका माहितीचा उपयोग शंभर नकाशांपेक्षा जास्त होतो.

दिवसभर ठरावीक मिनिटांनी नोंद करत राहायची: किती उंचीवर आहे, काय करतो आहे, काय खातो आहे, पिल्लू आईपासून किती अंतरावर आहे. या पिल्लांना पाहताना मला कधीच पुरेसे वाटले नाही. आई एखादे फळ फोडते, तेव्हा पिल्लू तिच्या तोंडाजवळ इतके तोंड नेते की दोघांच्या ओठांत बोटभर अंतर उरते, आणि ते तसेच, न हलता, ती काय करते ते पाहत राहते. हिसकावून घेणे नाही, मागणेही फारसे नाही. नजर मात्र तिच्या दातांवर आणि बोटांवर खिळलेली. आई पुढे सरकली की ते मागे राहून तेच फळ स्वतः हाताळून पाहते, चावते, थुंकते, पुन्हा चावते. घरटे बांधण्याचेही तसेच. संध्याकाळी आई जाड फांद्या मध्याकडे वाकवते, पायाने दाबून धरते, त्यावर लहान डहाळ्या गुंतवते आणि काही मिनिटांत झोपण्याजोगी गादी तयार करते. शेजारच्या फांदीवर पिल्लू दोन डहाळ्या वाकवून त्यावर बसून पाहते आणि त्या निसटल्या की पुन्हा आईच्या घरट्यात शिरते. शेकडो प्रकारचे अन्न, ते कधी पिकते, कसे सोलायचे, कोणते टाळायचे, हे सारे शिकायला त्याला सात-आठ वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात आई दुसऱ्या पिल्लाला जन्म देत नाही. सस्तन प्राण्यांत दोन बाळंतपणांमधले याहून मोठे अंतर क्वचितच सापडेल.

मला वाटते, संरक्षणाचा सगळा प्रश्न या एका अंतरात सामावलेला आहे. मादी साधारण पंधराव्या वर्षी पहिल्यांदा आई होते आणि त्यानंतर इतक्या सावकाश पिल्ले देते, की नेहमीच्या मृत्यूंखेरीज शंभरातली एखादी प्रौढ मादी दरवर्षी माणसाच्या हातून गेली, तरी ती वसाहत हळूहळू संपण्याच्या वाटेला लागते. हरणांची संख्या शिकार थांबल्यावर काही वर्षांत भरून निघते. इथे ती भरून निघायला माणसाच्या पिढ्या जाव्या लागतात. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओत एक लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी, की त्यांतले पुष्कळसे ज्या भागांतून गेले तिथे जंगल अजून उभे होते. म्हणजे झाडे राहिली आणि प्राणी मारले गेले.

वसाहत संपते तेव्हा प्राण्यांबरोबर आणखी काय जाते, हेही केवळ दीर्घ निरीक्षणामुळेच कळले आहे. सुमात्रातल्या सुआक बालिंबिंग इथल्या दलदलीत ओरांगउटान नीसिया या झाडाच्या फळातल्या बिया काडीने काढतात, कारण त्या बियांभोवती खुपणारे, आग करणारे तंतू असतात. मोठ्या नदीपलीकडच्या जंगलातही नीसिया आहे, ओरांगउटानही आहेत, पण तिथे काडीचा वापर आढळला नाही. फळ तेच आणि प्राण्याची जातही तीच; फरक पडला तो पाहून शिकण्याच्या साखळीत. पश्चिम आफ्रिकेतल्या ताई जंगलात चिंपांझी दगडाने आणि लाकडाच्या ओंडक्याने टणक कवचाची फळे फोडतात. तिथे उत्खननात सापडलेली त्यांची दगडी हत्यारे सुमारे ४३०० वर्षांपूर्वीची आहेत. १९९९ मध्ये आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या केंद्रांवरच्या संशोधकांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा एका वसाहतीत रूढ असलेल्या आणि दुसरीत मुळीच न आढळणाऱ्या चिंपांझींच्या ३९ सवयी समोर आल्या. त्या तुलनेमागे सर्व केंद्रे मिळून १५१ वर्षांचे निरीक्षण होते. आणि २०१९ मध्ये १४४ वसाहतींची तुलना झाली तेव्हा असे दिसले, की जिथे माणसाचा वावर आणि उपद्रव सर्वाधिक, तिथे अशी एखादी सवय आढळण्याची शक्यता ८८ टक्क्यांनी कमी असते. दगडाने फळ फोडण्याचा ठकठक आवाज दूरवर ऐकू जातो. शिकाऱ्यांच्या धाकात जगणारा प्राणी असा आवाज करणे सोडून देत असेल, तर त्यात नवल नाही. मोठे प्राणी गेले की लहानांना ज्यांच्याकडे पाहून शिकावे असे कोणी उरत नाही, हे कारणही तितकेच खरे असावे.

काही गोष्टी तर दशकांच्या निरीक्षणात एकदाच दिसतात. सुआक बालिंबिंगमध्ये १९९४ पासून अभ्यास चालू आहे. जून २०२२ मध्ये तिथे राकुस नावाच्या नराच्या गालावर मोठी जखम झाली. त्याने एका वेलीची पाने चावून त्यांचा रस वारंवार जखमेवर लावला आणि मग चोथ्याने ती जखम झाकून टाकली. ती वेल त्या भागातल्या लोकांच्या औषधांतही वापरली जाते. जखम न चिघळता बरी झाली. हे टिपता आले, कारण राकुसला खाली उभ्या असलेल्या माणसांची पर्वा नव्हती. ज्ञान हवे असेल तर ही बेपर्वाई हवीच, हे मी नाकारत नाही. माझा आग्रह एवढाच आहे, की त्या बेपर्वाईची जी किंमत प्राणी मोजतो ती ज्ञानाच्या हिशेबात धरली जावी.

ती किंमत पहिल्यापासून दिसत आली आहे. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल १४ जुलै १९६० रोजी आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकाठच्या गोंबेत पोहोचल्या, आणि त्याच वर्षी त्यांनी डेव्हिड ग्रेबियर्ड या चिंपांझीला वाळवीच्या वारुळात काडी घालून वाळवी काढताना पाहिले. माणूस हाच हत्यारे करणारा प्राणी, ही समजूत त्या नोंदीने मोडली. काही काळाने चिंपांझी जवळून दिसावेत म्हणून तळावर केळी ठेवली जाऊ लागली. त्यामुळे चिंपांझी मोठ्या संख्येने एका जागी जमू लागले, त्यांच्यातली भांडणे वाढली, बबूनही तिथे येऊन धडकू लागले. १९६६ मध्ये त्या चिंपांझींत पोलिओसारख्या रोगाची साथ आली. काही दगावले, काही कायमचे अधू झाले, आणि उरलेल्यांना केळ्यांतून लस द्यावी लागली. पुढे १९७४ ते १९७८ दरम्यान गोंबेतल्या एका गटाने आपल्यातूनच फुटून निघालेल्या दुसऱ्या गटातल्या नरांना एकेक करून मारले, तेव्हा या हिंसेलाही केळीच जबाबदार असल्याची टीका झाली.

हा आरोप खोडून निघायला फार वर्षे गेली. २०१४ मध्ये चिंपांझींच्या १८ आणि त्यांचे जवळचे नातलग असलेल्या बोनोबो कपींच्या ४ वसाहतींच्या नोंदी एकत्र तपासण्यात आल्या. चिंपांझींनी चिंपांझींना मारल्याच्या १५२ घटनांचा विचार झाला, त्यांत प्रत्यक्ष पाहिलेल्या, पुराव्यांवरून निश्चित झालेल्या आणि संशयास्पद अशा तिन्ही प्रकारच्या घटना होत्या. माणसाने खायला घालणे किंवा त्याचा उपद्रव यांच्याशी या हत्यांचा संबंध लागला नाही. नरांची संख्या आणि वसाहतीची दाटी यांच्याशी लागला. केळी या आरोपातून सुटली, पण ती ठेवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी बंद झाली, आणि ते योग्यच झाले. अन्नाचे आमिष दाखवून मिळवलेली जवळीक आणि सहवासाने मिळवलेली जवळीक यांत मी फरक करते. पहिलीत आपण प्राण्याचा दिवसच बदलून टाकतो.

रोगाचा आरोप मात्र आणखी पक्का झाला. ताई जंगलात १९९९ पासून पुढच्या काही वर्षांत सवय झालेल्या चिंपांझींत खोकल्याच्या साथी आल्या आणि त्यांत अनेक चिंपांझी मेले. मृतांच्या ऊतींची तपासणी झाली तेव्हा माणसांत सर्रास आढळणारे श्वसनमार्गाचे विषाणू सापडले. आपल्याला दोन दिवस नाक वाहण्यापलीकडे ज्याचा त्रास होत नाही, तेच दुखणे जंगलात पोहोचून पिल्लांचे प्राण घेऊन गेले, आणि ते पोहोचवणारे दुसरे कोण असणार? त्यांच्यावर जीव असलेले, त्यांना एकेकाच्या नावाने ओळखणारे लोकच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने हे स्पष्ट लिहिले. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट होती: संशोधन केंद्राच्या आसपास शिकारीला आळा बसलेला होता आणि माकडे व चिंपांझी टिकून होते, तर दूरच्या भागांत ते शिकाऱ्यांच्या हाती जात होते. मला हा निबंध या विषयातला सर्वांत प्रामाणिक निबंध वाटतो, कारण त्याने दोन्ही बाजू एकाच कागदावर मांडल्या आणि एकीने दुसरी झाकली नाही.

तेव्हापासून नियम कडक झाले. बाहेरून आलेल्याने तळावर काही दिवस वेगळे राहायचे, जंगलात तोंडाला मास्क लावायचा, किमान सात मीटर आणि आता बहुतेक ठिकाणी दहा मीटर अंतर ठेवायचे, बूट निर्जंतुक करायचे, सर्दी असेल तर त्या दिवशी जायचेच नाही. नियम मोडण्याचा मोह नेहमी प्रेमापोटीच होतो. पिल्लू कुतूहलाने खाली उतरून जवळ येते, त्या वेळी मागे सरकायला मन घट्ट करावे लागते.

आणि शिकारी? माणसाची सवय झालेल्या प्राण्याला वही घेतलेला माणूस आणि भाला घेतलेला माणूस यांतला भेद कोण शिकवणार? गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये मध्य आफ्रिकेतल्या विरुंगा पर्वतात कारिसोके केंद्र उभारले. त्यांच्या परिचयाचा डिजिट हा गोरिला ३१ डिसेंबर १९७७ रोजी शिकाऱ्यांनी मारला. जून २०२०च्या सुरुवातीला, कोविडच्या साथीमुळे पर्यटन बंद असताना, युगांडाच्या ब्विंदीत राफिकी हा पाठीवर रुपेरी केस आलेला कळपप्रमुख भाल्याने मारला गेला. त्याच्या कळपाला पर्यटकांची सवय होती. त्याला मारणारे लहान प्राण्यांच्या शिकारीसाठी जंगलात शिरले होते.

एवढे सगळे मांडल्यावर, सवय लावणेच बंद करा, असे म्हणणे सोपे आहे, पण विरुंगाचे आकडे तसे म्हणू देत नाहीत. १९६७ ते २००८ या काळात तिथले माणसाची सवय झालेले गोरिला कळप वर्षाला सुमारे ४ टक्क्यांनी वाढत गेले, आणि त्याच डोंगरातले सवय नसलेले कळप किंचित घटत राहिले. याचे कारण सवय हे नव्हते; सवयीबरोबर जे आले ते होते. अशा कळपाला रोज कोणीतरी पाहून येते. फास लागलेले दिसले तर काढले जातात. गोरिला फाशात अडकला किंवा आजारी पडला तर पशुवैद्य जंगलात जाऊन उपचार करतात. पर्यटनाच्या पैशातून रक्षकांचे पगार निघतात. १९८१च्या गणनेत विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१८ मध्ये विरुंगा आणि ब्विंदी मिळून पर्वतीय गोरिलांची संख्या हजारावर गेल्याचे जाहीर झाले आणि त्यांची नोंद अति संकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात गेली. काढून घेतलेल्या भीतीच्या जागी इथे रोजचा पहारा ठेवला गेला होता, आणि तो चार दशके मोडला नाही, युद्धाच्या काळातही होता होईल तो टिकवला गेला. माझ्या प्रश्नाचे मला मिळालेले सर्वांत समाधानकारक उत्तर हे आहे.

पण हे उत्तर सगळीकडे चालत नाही. पश्चिमेकडच्या सखल जंगलांत गोरिला आणि चिंपांझी इतक्या विस्तीर्ण प्रदेशात पसरलेले आहेत, की प्रत्येक कळपामागे माणूस ठेवणे अशक्य, आणि तिथे इबोलाची टांगती तलवार आहे. काँगो प्रजासत्ताकात २००२ ते २००४ दरम्यान या रोगाने सुमारे पाच हजार गोरिला मेले असा अंदाज आहे. त्याच देशातल्या गुआलुगो त्रिकोणात १९९९ मध्ये संशोधक पोहोचले, तेव्हा तिथले चिंपांझी पळण्याऐवजी जवळ येऊन, कुतूहलाने, बराच वेळ माणसांकडे पाहत बसले. त्यांचा माणसाशी वाईट संबंध आलेलाच नव्हता. असे प्रदेश आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. तिथे कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याने, पुष्कळ काम होते: आधी जाड काठीने जमिनीतल्या वारुळापर्यंत भोक पाडायचे आणि मग टोक चावून कुंचल्यासारखे केलेल्या बारीक काडीने वाळवी काढायची, ही तिथल्या चिंपांझींची दोन हत्यारांची रीत अशाच कॅमेऱ्यांनी स्पष्ट दाखवली. विष्ठेतून डीएनए, रोग आणि आहार कळतो. आखलेल्या रेषेवरून चालत घरटी मोजली, ती किती दिवसांत कुजतात याचा हिशेब धरला, तर संख्येचा अंदाज येतो. या पद्धतींत पिल्लाची नजर आईच्या ओठांवर कशी खिळते ते दिसत नाही, हे खरे. तरीही बहुतेक जंगलांसाठी मी याच पद्धतींच्या बाजूची आहे.

कालिमंतानने मला आणखी एक गोष्ट दाखवली. १९९०च्या दशकाच्या मध्यात इंडोनेशियाच्या सरकारने मध्य कालिमंतानची सुमारे दहा लाख हेक्टर पीट जमीन भातशेतीखाली आणायचे ठरवले आणि तिच्यातून हजारो किलोमीटर कालवे खणले. भात पिकला नाही. कालव्यांनी पाणी मात्र वाहून नेले, वाळलेल्या पीटने १९९७ मध्ये पेट घेतला आणि २०१५ मध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणावर घेतला. पीटची आग जमिनीखालून सरकते. वरून विझलेली दिसते आणि दूर अंतरावर झाडाच्या मुळाशी पुन्हा वर येते. अशा वेळी कपींच्या अभ्यासकाच्या हातात वही असून भागत नाही. केंद्रांवरची माणसे कूपनलिका खणून, होज ओढत, आठवडेच्या आठवडे धुरात आग अडवत राहतात, आणि एरवी फळ्यांचे आणि मातीचे बांध घालून कालवे बुजवण्याचे काम चालते, म्हणजे पाणी पुन्हा जंगलात थांबावे. ओरांगउटानासाठी केलेले सर्वांत उपयोगी काम कधी कधी त्याच्याकडे न पाहता, चिखलात उभे राहून करावे लागते.

ही कामे करणारे बहुतेक जण आसपासच्या गावांतले दायाक, म्हणजे बोर्निओचे मूळ रहिवासी, आहेत. माझ्यासारखे बाहेरून येणारे येतात, शिकतात, प्रबंध लिहून निघून जातात; कोणती मादी कोणाची मुलगी, कोणते झाड मागच्या खेपेला कधी फळले, कोणत्या नराचा दीर्घ हाकारा कोणता, हे या गावकऱ्यांच्या डोक्यात असते आणि तेच पुढच्या संशोधकाला सांगतात. निबंधांवर त्यांची नावे आता थोडीफार येऊ लागली आहेत. ती पहिल्यापासून यायला हवी होती. त्यांचा पगार हा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातला शेवटचा आकडा असतो आणि निधी आटला की सर्वांत आधी तोच कापला जातो. जंगलात रोज जाणारा आणि त्यावर घर चालवणारा गावातला माणूस काढून टाकला, की फास लावणाऱ्याला अडवायला कोणी उरत नाही, आणि आपण मात्र प्राण्यांची भीड चेपवून ठेवलेली असते.

म्हणून एखादा तरुण संशोधक नव्या वसाहतीला सवय लावण्याची योजना घेऊन येतो, तेव्हा मी त्याला प्रबंधाचा विषय नंतर विचारते. आधी विचारते, की तुझे काम संपल्यावर पुढची तीस वर्षे रोज या झाडांखाली कोण जाणार, त्याला पगार कोण देणार, जनावर आजारी पडले तर कोणता पशुवैद्य किती दिवसांत पोहोचणार, आणि साथ आली तर केंद्र बंद न करता माणसे दूर कशी ठेवणार. यांची उत्तरे कागदावर, पैशाच्या तरतुदीसकट असतील, तर मी त्याच्या अर्जावर शिफारस लिहिते. नसतील तर त्याने घरटी मोजावीत, विष्ठा गोळा करावी, कॅमेरे लावावेत, आणि तिथल्या ओरांगउटानांना त्याच्यावर फांद्या टाकू द्याव्यात.